काचेच्या धाग्यावर कार्बनची लव

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा ‘व्यवसायाच्या थोडे बाहेरचे लिहा’ असा आग्रह धरला, तेव्हा मी जरा संकोचलो. तीस वर्षांहून अधिक काळ हाडे जोडण्यात गेला. त्याबाहेरचे मला काय येते? पण गेली काही वर्षे एक विषय मनात घर करून बसला आहे. तो पदार्थविज्ञानाचा आहे, आणि माझ्याकडे तो एका चुकीच्या वाटेने आला. ती चूक माझीच असल्यामुळे आधी ती सांगतो.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा एक खानदेशी गृहस्थ माझा जुना रुग्ण. रेल्वेच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. त्याला बसवलेल्या कृत्रिम पायाचे सॉकेट काचतंतूंचे, म्हणजे ज्याला आपण व्यवहारात ‘फायबर ग्लास’ म्हणतो त्याचे होते. एकदा नेहमीच्या तपासणीला आला असता त्याने सॉकेटच्या तळाजवळ नखाएवढा पांढुरका डाग मला दाखवला. मी त्यावरून बोट फिरवले. पृष्ठभाग गुळगुळीत होता, भेग कुठेच नव्हती. रेझिनचा रंग उडाला असेल, असे सांगून मी त्याला परत पाठवले. सात आठवड्यांनी जिना उतरताना ते सॉकेट नेमके त्याच जागी फुटले आणि तो खाली कोसळला. त्याच बाजूच्या मांडीच्या हाडाची मान मोडली. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मी त्याच्या खाटेजवळ गेलो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तो डाग मी तुम्हाला दाखवला होता.”

त्या वाक्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. एक्स-रेवरची केसासारखी भेग ओळखण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला डोळ्यांसमोरची ही भेग ओळखता आली नव्हती.

माझा भाचा पदार्थ-अभियंता आहे. सॉकेटचा फुटका तुकडा मी त्याच्याकडे दिला. त्याने तो कापून, घासून, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला बोलावले. “मामा, हे एका दिवसात फुटलेलं नाही. हे आतून कित्येक महिने उसवत होतं,” तो म्हणाला. तेव्हापासून मी त्याचा विद्यार्थी झालो. पुढे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे त्या शिकवणीत मिळालेले आहे. मते मात्र माझी आहेत.

दोन पदार्थ एकत्र करून तिसरा, अधिक गुणवान पदार्थ करण्याची कल्पना आपल्याला नवी नाही. गणपतीची मूर्ती घडवणारे कारागीर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये काथ्या घालतात, शाडूच्या मातीत कापूस मळतात. जुन्या घरांच्या भिंतींत मातीबरोबर गवताचा भुसा असे. माती दाब सोसते पण ओढले की तडकते. काथ्या ओढ सोसतो पण स्वतः उभा राहू शकत नाही. दोघांची सांगड घातली की काम भागते. निसर्गाने हाडात हेच केले आहे. कोलॅजनचे तंतू आणि त्यांत रुजलेले कॅल्शियमचे स्फटिक, यांपैकी एकटे काहीच आपले वजन पेलू शकले नसते. काचतंतूंच्या संमिश्रात तंतू काचेचे आणि त्यांना धरून ठेवणारी माती म्हणजे इपॉक्सी, पॉलिएस्टर किंवा ॲक्रिलिक रेझिन.

काच आणि ताकद हे शब्द शेजारी ठेवताना कोणीही बिचकेल. पण काचेचे हे कोडे १९२० सालीच उलगडले होते. ए. ए. ग्रिफिथ या तरुण इंग्रज अभियंत्याने काच तापवून तिचे अधिकाधिक बारीक धागे ओढले आणि ते ताणून तोडून पाहिले. सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या काडीच्या तुलनेत तीन-साडेतीन मायक्रॉन जाडीचा धागा, क्षेत्रफळाच्या हिशेबात, जवळजवळ वीसपट ताण सोसत होता. ग्रिफिथचा निष्कर्ष असा की काच मुळात दुबळी नाही. तिच्या अंगावरचे डोळ्यांना न दिसणारे ओरखडे तिला दुबळी करतात. प्रत्येक ओरखड्याच्या टोकाशी ताण एकवटतो आणि तेथून तडा धावतो. धागा जितका बारीक, तितकी मोठ्या ओरखड्याला जागा कमी. आज बाजारात मिळणारा ‘ई-ग्लास’ जातीचा धागा नऊ ते वीस मायक्रॉन जाडीचा, म्हणजे एक ते तीन तांबड्या रक्तपेशी शेजारी ठेवाव्यात एवढा असतो. ताजा, न हाताळलेला धागा तीन गिगापास्कलहून अधिक ताण सोसतो. साध्या पोलादाच्या कित्येक पट. ‘ताजा, न हाताळलेला’ हे शब्द मात्र महत्त्वाचे. एक धागा दुसऱ्यावर नुसता घासला तरी ओरखडे पडतात आणि दमट हवा ते ओरखडे वाढवते.

म्हणून भट्टीतून धागा निघाल्यानंतर लगेच, काही क्षणांत, त्याला एक पातळ लेप दिला जातो. कारखान्यात त्याला ‘सायझिंग’ म्हणतात; आपल्या विणकरांची खळच म्हणा ना. वजनाने तो धाग्याच्या एक-दोन टक्क्यांहून क्वचितच अधिक असतो. त्यातला कळीचा घटक म्हणजे सिलेन. या रेणूचे एक टोक काचेशी रासायनिक बंध करते, दुसरे रेझिनशी. आपल्या सभासदांतील दंतवैद्य मंडळींना हा रेणू परका नाही. राफाएल बोवेन यांनी १९६२ साली पेटंट घेतलेल्या दंतभरणाच्या पदार्थात क्वार्ट्झचे कण रेझिनला धरून राहावेत म्हणून याच कुळातले सिलेन वापरले होते. दातात भरलेले कंपोझिट आणि माझ्या रुग्णाचे सॉकेट एकाच युक्तीवर उभे होते.

आता त्या पांढऱ्या डागाकडे येतो. संमिश्रावर भार पडला की तो थेट धाग्यांना मिळत नाही. तो रेझिनला मिळतो आणि रेझिन तो कडेकडेने, घसटीच्या ताणाने, धाग्याकडे सोपवते. ही सोपवणूक काच आणि रेझिन यांच्या सीमेवर होते. ती सीमा सुटली की धागा शाबूत असूनही निरुपयोगी होतो. स्नायू धडधाकट आणि कंडरा हाडावरून सुटलेली, अशी अवस्था. चालताना सॉकेटवर दिवसाकाठी हजारो वेळा भार येतो आणि जातो. दर वेळी सीमेवर कुठेतरी एखादा धागा रेझिनपासून किंचित सुटतो, तेथे पोकळी तयार होते, आणि अशा असंख्य पोकळ्यांवरून प्रकाश विखुरला की पारदर्शक भाग दुधाळ दिसू लागतो. मी ज्याला रंग उडणे समजलो ते हे होते. पुढची पायरी म्हणजे कापडाचे थर एकमेकांपासून सुटणे. दोन थरांच्या मध्ये एकही धागा आडवा गेलेला नसतो, तेथे नुसते रेझिन असते. त्यामुळे तडा तेथून बिनबोभाट धावतो. पृष्ठभागावर बोट फिरवणाऱ्याला काही कळत नाही.

म्हणजे दुखणे धाग्यात नाही, धाग्याच्या त्वचेत आहे. आणि येथेच कार्बनच्या नॅनोनलिका कथेत येतात.

शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा एक-अणू जाडीचा पापुद्रा कल्पावा आणि तो गुंडाळून त्याची नळी करावी. ती कार्बनची नॅनोनलिका. एकपदरी नळीचा व्यास एक-दोन नॅनोमीटर, म्हणजे डीएनएच्या दुहेरी सर्पिलाएवढा. एकात एक अशा अनेक पदरांच्या नळीचा दहा-वीस किंवा त्याहून अधिक. १९५२ साली रशियात रादुश्केविच आणि लुक्यानोविच यांनी अशा पोकळ कार्बनतंतूंची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती, पण जगाचे लक्ष गेले ते १९९१ मध्ये, जपानच्या सुमिओ इजिमा यांच्या ‘नेचर’मधील निबंधानंतर. सन २००० मध्ये अनेकपदरी नळ्या एकेक करून ताणून पाहण्यात आल्या, तेव्हा त्यांच्या बाहेरच्या पदराची ताकद ११ ते ६३ गिगापास्कल भरली. काचेच्या उत्तम धाग्याच्या तीनपट ते जवळपास वीसपट. शिवाय या नळ्या वीज वाहून नेतात. काच नेत नाही.

हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की काच टाकून सगळेच नळ्यांचे करावे. ते जमत नाही. नळ्या आखूड असतात, महाग असतात आणि एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की त्यांचे गुंते सोडवणे हेच एक शास्त्र होऊन बसले आहे. रेझिनमध्ये त्या थेट मिसळल्या तर ते घट्ट होते, कापडाच्या विणीत शिरत नाही, आणि गुठळ्या मागे राहतात. गुठळी म्हणजे नवा ओरखडाच. तरीही या मार्गाने काही साधले आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्रिमर आणि धरन यांनी काचतंतूंच्या संमिश्रात वजनाने एक टक्का नळ्या घातल्या, तेव्हा हलक्या पण दीर्घकाळ चालणाऱ्या भार-फेऱ्यांखाली त्याचे आयुष्य ६० ते २५० टक्क्यांनी वाढले. माझ्या रुग्णाच्या सॉकेटवर असाच भार होता: हलका, पण न संपणारा.

दुसरा मार्ग अधिक काटकसरीचा आणि मला अधिक शहाणपणाचा वाटतो. जेथे दुखणे आहे तेथेच औषध द्यावे, सगळ्या रेझिनमध्ये नळ्या न घालता फक्त धाग्याच्या अंगावर त्यांचा लेप द्यावा. धाग्याला लव फुटल्यासारखे होते. ही लव रेझिनमध्ये रुतते, सीमेवरचा सांधा खडबडीत आणि खोल होतो, आणि तडा सुटू पाहतो तेव्हा आडव्या पडलेल्या नळ्या त्याला टाक्यांसारखे धरून ठेवतात. त्यातला एखादा टाका रेझिनमधून उपसला जाताना घर्षणात ऊर्जा खर्च होते. तडा तितका थकतो. आणखी एक फायदा ग्रिफिथच्या ओरखड्यांशी निगडित आहे. हाँगकाँगमधील सिद्दीकी, किम आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की नळ्या मिसळलेल्या इपॉक्सीचा पातळ लेप दिला तर एकट्या धाग्याचीही ताण सोसण्याची क्षमता वाढते, कारण लेप ओरखडे बुजवतो आणि नळ्या त्यांची तोंडे उघडू देत नाहीत.

लेप देण्याच्या रीती तीन. पहिली सर्वांत सरळ: सायझिंगच्या द्रवातच नळ्या विखरून धागा त्यात बुडवायचा. कारखान्याला ही रीत सोयीची, कारण धागा तसाही त्या द्रवातून जातच असतो. दुसरी, धाग्यावरच नळ्या उगवायच्या. लोहासारख्या धातूचे सूक्ष्म कण बीज म्हणून पेरायचे आणि तप्त भट्टीत कार्बनयुक्त वायू सोडायचा. चित्रात हे फार देखणे दिसते, पण त्यासाठी साधारण सहाशे-सातशे अंश तापमान लागते आणि त्या उष्णतेत काचेचा धागा स्वतःचीच निम्म्याहून अधिक ताकद गमावून बसतो. रोग्याला वाचवणारे नव्हे, यकृत घालवणारे औषध म्हणायचे. ॲल्युमिना किंवा कार्बनच्या धाग्यांसाठी ती रीत ठीक, काचेसाठी माझे मत विरुद्ध आहे.

तिसरी रीत ऐकून मला हसू आले, कारण ती आपल्या पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेतली निघाली: इलेक्ट्रोफोरेसिस. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करण्यासाठी आपण जे करतो, तेच. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठात एरिक थॉस्टेन्सन यांच्या गटाने नळ्यांवर ओझोनची प्रक्रिया करून त्यांना पॉलिइथिलिनइमाइन या बहुवारिकाचे धनभारित आवरण चढवले. त्या पाण्यात विखुरल्या, विद्युत्-क्षेत्र लावले, की ऋणाग्राकडे निघतात. काच वीज वाहत नाही, मग तिच्यावर त्या बसणार कशा? कापड ऋणाग्राला टेकवून ठेवायचे. पहिल्या नळ्या अग्राशी जमतात, त्या स्वतः वाहक असल्याने अग्रच जणू पुढे सरकते, आणि लेप कापडाच्या आतआत भरत जातो. सगळे खोलीच्या तापमानाला, पाण्यात.

आता थोडे सावध बोलणे भाग आहे. नळ्यांच्या लेपाने ‘ताकद वाढते’ असे जे सरसकट म्हटले जाते त्यात शब्दांची ढिलाई आहे. धाग्यांच्या दिशेने ओढले तर संमिश्राची ताकद मुख्यत्वे धागेच ठरवतात. तेथे लेपाने फार फरक पडत नाही. फरक पडतो तो सीमेवरच्या घसटीत, थर सुटण्यात आणि वारंवार भाराने येणाऱ्या थकव्यात. तेथेही प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांपासून दूर आहेत, कारण नळ्या कोणत्या, त्यांवर प्रक्रिया कोणती, विखुरणे किती चांगले, यावर सगळे अवलंबून आहे. लेप जाड झाला तर उलट दुबळा थर तयार होतो. सिद्दीकी यांच्या प्रयोगांत लेपातील नळ्यांचे प्रमाण ०.३ टक्के एवढेच होते. अधिक म्हणजे अधिक चांगले, हा नियम औषधांत चालत नाही तसा येथेही चालत नाही.

माझ्या दृष्टीने मोलाची गोष्ट ताकदीची नाहीच. ती आहे वेदनेची. नळ्या एकमेकींना टेकून विजेची अखंड जाळी करतात. २००६ मध्ये थॉस्टेन्सन आणि त्सू-वेई चौ यांनी काचतंतूंच्या संमिश्रात अशी जाळी करून दाखवली, आणि २०१० मध्ये जर्मनीत ड्रेस्डेन येथे शांग-लिन गाओ, एडिट मेडर आणि सहकाऱ्यांनी काचेच्या धाग्यावरच ती बसवली. संमिश्र ताणले की नळ्यांमधील अंतरे वाढतात आणि विद्युत्-रोध वाढतो. सैल सोडले की रोध उतरतो. पण आत कुठे सूक्ष्म तडा गेला असेल तर तेथली जाळी तुटते आणि भार काढल्यावरही रोध पूर्वपदावर येत नाही. बाहेरून काहीही न दिसता पदार्थ सांगतो की मला लागले आहे. आपल्या मधुमेही रुग्णांच्या पायांत हीच संवेदना हरवते आणि मग जखम हाडापर्यंत जाते, हे या सभासदांना मी काय सांगावे? थॉस्टेन्सन यांचे सहकारी सागर दोशी यांनी २०१८ मध्ये त्याच विद्युत्-लेपाने कापडाचे पातळ दाबमापक केले. बोटाच्या हलक्या स्पर्शापासून फार मोठ्या भारापर्यंतचा दाब ते टिपतात. सॉकेटच्या आत, स्टंपवर कोठे किती दाब पडतो हे कळण्याची आमची जुनी इच्छा आहे.

हा सगळा उत्साह मी घरी जेवताना सांगत होतो तेव्हा छातीरोगतज्ज्ञ असलेल्या माझ्या पत्नीने एकच प्रश्न विचारला, “आणि हे सॉकेट कानशीने घासणाऱ्या मुलाच्या फुप्फुसाचं काय?”

प्रश्न रास्त होता. काचेच्या अखंड धाग्यांचा त्रास मुख्यतः त्वचेचा: खाज, पुरळ. ते जाड असल्यामुळे फुप्फुसात खोलवर जात नाहीत, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्यांना ‘मानवी कर्करोगकारकतेबाबत वर्गीकरण करता येत नाही’ अशा तिसऱ्या गटात ठेवले आहे. नळ्यांचे तसे नाही. २००८ मध्ये एडिंबरो येथील केन डोनाल्डसन यांच्या गटाने उंदरांच्या उदरपोकळीत लांब अनेकपदरी नळ्या सोडल्या, तेव्हा उदरावरणावर ॲस्बेस्टॉससारखाच दाह आणि गाठी उद्भवल्या. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी तसे झाले नाही. भक्षकपेशीला लांब ताठ तंतू गिळता येत नाही, ती अर्धवट गिळून तडफडते आणि दाह चालू राहतो. ॲस्बेस्टॉसच्या बाबतीत आपण शिकलो ते हेच. त्या संस्थेने २०१४ मध्ये ‘एमडब्ल्यूसीएनटी-७’ या विशिष्ट नळ्यांना ‘२ब’, म्हणजे संभाव्य कर्करोगकारक, या गटात घातले. बाकीच्यांना, पुराव्याअभावी, तिसऱ्या गटात. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने २०१३ साली आठ तासांच्या पाळीसाठी हवेच्या घनमीटरमागे एक मायक्रोग्रॅम अशी शिफारस-मर्यादा घातली. इतकी कमी मर्यादा मोजायलाही चांगले उपकरण लागते.

आपण बडोद्यात राहतो. खंभात येथून फार दूर नाही. तेथे अकीक घासणाऱ्या कारागिरांच्या घराघरांतील सिलिकोसिसवर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने संशोधन केले आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी ते एक्स-रे स्वतः पाहिले आहेत. खडा चमकतो, घासणारा खोकतो. म्हणून भाच्याला मी पत्नीचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्याचे म्हणणे असे: द्रवातून लेप देण्यात धोका कमी, कारण नळ्या हवेत उडत नाहीत; कोरडी पूड हाताळणे सर्वांत वाईट; रेझिनमध्ये पक्क्या बसलेल्या नळ्या सहसा सुट्या होत नाहीत, पण कापताना आणि घासताना उडणाऱ्या धुळीबाबत पाण्याचा फवारा, शोषक यंत्र आणि योग्य मुखपट्टी यांवाचून काम करू नये. सॉकेट तर प्रत्येक रुग्णासाठी घासावेच लागते. आमच्याकडच्या कार्यशाळांत किती ठिकाणी शोषक यंत्र आहे, हे तेथे जाऊन आलेल्यांना माहीत आहे. त्यामुळे माझे आजचे मत असे की पवनचक्कीच्या पात्यांत किंवा टाक्यांत, जेथे वस्तू बंदिस्त कारखान्यात घडते, तेथे हा लेप आधी यावा. कृत्रिम अवयवांच्या छोट्या कार्यशाळांत तो धुळीच्या बंदोबस्ताआधी येऊ नये. पत्नीला हे मतही सैल वाटते.

मागच्या दिवाळीत भाच्याने मला त्याच्या प्रयोगशाळेतली एक पट्टी दाखवली: काचेच्या कापडाचे काही थर, त्यांवर नळ्यांचा लेप, दोन टोकांना तारा आणि साधा मल्टिमीटर. मी पट्टी हलकी वाकवली, आकडा चढला, सोडली, उतरला. पुन्हा वाकवली, पुन्हा उतरला. मग जरा जोराने वाकवली. कर्रकन आवाज वगैरे काही झाले नाही, पट्टी पूर्ववत सरळ झाली, मी बोट फिरवून पाहिले तर गुळगुळीत. आकडा मात्र खाली आला नाही. मी बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिलो. “मामा, हे अजून पायात घालायला द्यायचं नाही हं,” भाचा म्हणाला.

तोवर आमचे जुने उपाय चालू आहेत. सॉकेट काढून आतून विजेरी धरायची आणि दुधाळ पट्टा दिसतो का ते पाहायचे. नाण्याने ठोकत जायचे, थर सुटलेल्या जागी आवाज बद्द येतो. माझा तो रुग्ण आता नव्या सॉकेटवर चालतो आणि दर तीन महिन्यांनी न चुकता येतो. पाय काढून तो स्वतःच टेबलावर ठेवतो, आणि मी चष्मा शोधेपर्यंत विजेरी धरून उभा असतो.